नदी आमची, पण कागदावर कुणाची?

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं नदीकाठच्या आदिवासी गावांतली आहेत. गडचिरोलीपासून पालघरपर्यंत प्रश्नांचे विषय वेगळे आहेत, पण अडतं एकाच जागी. गाव नदी राखतं, कोणत्या डोहाला हात लावायचा नाही हे पोरासोरांनाही ठाऊक असतं, मात्र त्यातलं काहीच लिहिलेलं नसतं. मग वाळूचा लिलाव निघतो किंवा मासे मरून वर येतात, आणि गावाकडे दाखवायला काही नसतं. म्हणून यावेळच्या उत्तरांत कायद्यासोबत वही, बाटली आणि दोरी यांनाही जागा दिली आहे.

आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचं हक्कपत्र मिळालं आहे. नदी आमच्या हद्दीच्या कडेने वाहते. पलीकडच्या काठावर दुसरं गाव आहे. नदीवर, मासळीवर आमचा हक्क या कागदात येतो का?
— ग्रामसभा सचिव, धानोरा तालुका

आधी हक्कपत्र काढून त्यात कोणतं कलम लिहिलंय ते बघा. वनहक्क कायदा २००६ मध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गावोगाव त्यांची गल्लत होते. कलम ३(१)(आय) म्हणजे सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क. त्याचा दावा नमुना ‘क’ मध्ये करायचा. मासे आणि पाण्यातून मिळणारं इतर उत्पन्न कलम ३(१)(डी) मध्ये येतं, चराईही त्यातच आहे. त्याचा दावा नमुना ‘ब’ मध्ये होतो. अनेक गावांनी हेक्टर मोजून नमुना ‘क’ भरला आणि ‘ब’ कोराच ठेवला. मग उद्या कुणी मासेमारीचा ठेका घेऊन आलं, की गावाला पहिल्यापासून भांडावं लागतं. तुमचंही तसं झालं असेल तर नमुना ‘ब’ आता भरा. दावा करायला कायद्याने शेवटची तारीख ठेवलेली नाही.

दुसरी मेख पात्राची आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्यांचं पात्र सरकारी मालमत्ता आहे. नदी वनकक्षाच्या (वन विभागाने आखलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या) आतून जात असेल तर ती तुमच्या वनसंपत्तीच्या नकाशात येऊ शकते. कक्षाची हद्द काठावरच संपत असेल तर पात्र महसुली नोंदीत राहतं आणि हक्कपत्रावर त्याचा उल्लेखही नसतो. तेव्हा वन विभागाचा कक्ष-नकाशा आणि तलाठ्याकडचा गाव-नकाशा शेजारी ठेवून रेष नेमकी कुठे पडते ते बघा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण त्यावर पुढचं सगळं उभं राहतं.

पुराव्याची भीती बाळगू नका. वनहक्क कायद्याखालच्या नियमांत, नियम १३ मध्ये, सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्यासाठी मासेमारीच्या जागा, माणसांच्या आणि गुरांच्या पाण्याचे स्रोत, पवित्र तळी आणि नदीचे भाग, दहन-दफनाच्या जागा हे सगळं पुरावा म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. असे किमान दोन पुरावे लागतात. वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो, मात्र तो दावेदार सोडून दुसऱ्याचा हवा आणि लिहून घेतलेला हवा. हा जबाब बहुतेक ठिकाणी कच्चा पडतो. “आमचे पूर्वज या नदीत मासे धरत आले आहेत” या वाक्याचा उपयोग फार थोडा. कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, कशाने (कुमनी, पेलणी, गळ, हाताने), कोणत्या टोल्यातली (पाड्यातली) माणसं, पहिला मासा कुणाला द्यायची रीत, काय केल्यावर दंड होता, अशा तपशिलाने जबाब भरला की तो खोडणं अवघड जातं. डोहांची नावं गोंडी-माडियातच लिहा. मराठी करून लिहिलेली नावं पुढच्या पिढीला ओळखूच येत नाहीत.

पलीकडच्या गावाशी आधी बोला, दावा नंतर. एकच भाग दोन ग्रामसभा वापरत असतील तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून निष्कर्ष लेखी स्वरूपात आपापल्या ग्रामसभांना द्यायचा, असं नियम १२ सांगतो. बैठकीत “मध्यधारेपर्यंत आमचं” असं ठरवण्याचा मोह होतो. तो टाळा. मोठा पूर आला की धार सरकते आणि वाद जिवंत होतो. त्यापेक्षा डोह नावानिशी वाटून घ्या किंवा सामायिक ठेवा, आणि हद्दीची खूण न हलणाऱ्या वस्तूवर टेकवा: कातळ, संगम, जुनं अर्जुनाचं झाड. वाळूचा पट्टा किंवा बेट खूण म्हणून चालत नाही. नकाशासाठी जीपीएस घेऊन चालाल तेव्हा मोकळ्या पात्रात तीन ते पाच मीटरचा फरक धरा. दाट झाडीत आणि दरडीखाली तो आणखी वाढतो. म्हणून प्रत्येक खुणेवर दोन मिनिटं थांबून मग नोंद घ्या आणि सोबत फोटो काढा.

हक्क मिळाल्यावर राखणदारीचा अधिकार कलम ५ मधून येतो. पाणलोट आणि जलस्रोत सुरक्षित ठेवणं, वन आणि जैवविविधतेला अपाय करणारी कामं थांबवणं, हे ग्रामसभेच्या हातात आहे. ते राबवण्यासाठी ग्रामसभेने नियम ४(१)(ई) प्रमाणे समिती नेमायची. ठराव घेताना गणसंख्या नीट मोजा. ग्रामसभेच्या सभासदांपैकी निम्मे हजर हवेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. चांगल्या ठरावाची वासलात बरेचदा मजकुरामुळे लागत नाही, हजेरीपटावरच्या सह्या कमी भरल्यामुळे लागते.

पहिल्या पावसात आमच्याकडे वळगणीचे मासे धरतात, ती मजा पिढ्यान्‌पिढ्यांची. पण हल्ली काही पोरं कीटकनाशक टाकतात, काही बॅटरीने शॉक देतात. नदी रिकामी झाली. सगळी मासेमारी बंद करावी का?
— जव्हार तालुका

सरसकट बंदी कागदावर राहते आणि तिचा पहिला फटका ज्याच्या घरात दुसरं कालवण नाही त्याला बसतो. कोणती पद्धत, कोणता डोह, कोणते दिवस अशी नेमकी बंदी घाला.

विषापासून सुरुवात करू. गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकायची रीत जुनी आहे. त्यातलं सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर काम करतं आणि काही दिवसांत विरून जातं. लहान, थांबलेल्या कुंडात, वर्षातून एखाद्या वेळी, सगळ्या पाड्याने मिळून, अशी त्याला मर्यादा होती. फवारणीच्या औषधांना अशी मर्यादा नाही. पायरेथ्रॉइड गटातली औषधं अगदी थोड्या प्रमाणातही मासे, झिंगे, खेकडे आणि पाण्यातले किडे मारतात. किडे गेले की वाचलेल्या पिल्लांना खायला काही उरत नाही, म्हणून एका बाटलीने मारलेला डोह पुढच्या हंगामातही भरत नाही. वर तेच मासे घरात शिजतात आणि तेच पाणी खालचा पाडा भरतो. हा मुद्दा ग्रामसभेत बायकांनी मांडला तर जास्त लागतो, कारण पाणी त्याच भरतात. शॉकने मोठा मासा लुळा पडून वर येतो, लहान मासे तळाशीच मरतात आणि कुणाला दिसतही नाहीत. शिवाय ओल्या अंगाने पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाला धोका असतो. विष आणि स्फोटकं वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तरीही पोलिसांपेक्षा ग्रामसभेचा दंड लवकर पोचतो.

आता वळगण. चढणीला लागलेला मासा पोटात अंडी घेऊन वर निघालेला असतो. ओहोळातून शेतात, खाचरात, उथळ पाण्यात जाऊन तो अंडी घालतो. पूर्वी वाटेत हाताने, पागोळीने, छोट्या जाळ्याने धरत, आणि बरेच मासे निसटून वर जात. आता ओहोळाच्या पूर्ण रुंदीला नायलॉनची बारीक जाळी लागते आणि एकही मासा पुढे जात नाही. नियम असा करा: कुठल्याही ओहोळाची रुंदी निम्म्यापेक्षा जास्त अडवायची नाही, धार मोकळी ठेवायची, मच्छरदाणीचं जाळं अजिबात नाही. मजाही राहते आणि बीही राहतं.

मरळीसाठी वेगळा नियम हवा. मे-जूनच्या सुमारास कडेच्या शांत पाण्यात लालसर पिल्लांचा ढग फिरताना दिसतो, बोटाच्या पेराएवढी शेकडो पिल्लं एकत्र. त्यांच्या खाली आई-बाप असतात. ते पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही झेप घेतात, म्हणून गळाला चटकन लागतात. मोठी मरळ निघाली की तो ढग दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो. लाल पिल्लं दिसली की त्या ठिकाणी गळ टाकायचा नाही, एवढं एकच वाक्य मुलांना शिकवलं तरी मोठा फरक पडतो.

आणि एक डोह कायमचा राखून ठेवा. उन्हाळ्यात धार तुटते तेव्हा नदीतला सगळा जीव डोहांत गोळा होतो आणि पावसाळ्यात तिथूनच पसरतो. डोह निवडताना मे महिन्यातही पुरुषभर पाणी राहतं, काठावर सावली आहे आणि तळाशी कपारी आहेत, हे बघा. गावाच्या नजरेतला डोह घ्या, लांबचा राखता येत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या डोहात आणि महाड तालुक्यात वाळणकोंडला काळ नदीत महासीर टिकून आहेत ते देवाच्या नावाने कुणी हात लावत नाही म्हणून. तुमच्याकडेही देवाचा डोह असेलच. तो ठरावात लिहा. मात्र माशांना कुरमुरे, कणकेचे गोळे, बिस्किटं टाकू देऊ नका. न खाल्लेलं अन्न तळाशी कुजतं आणि उन्हाळ्यात पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं.

ठरावात दंडाची रक्कम, तो कुठे जमा होईल आणि सांगणाऱ्याचं नाव गुप्त राहील हे लिहा. शेजारच्या पाड्यांची सही घेतल्याशिवाय दंड लावायला जाऊ नका. पहिलंच भांडण दोन गावांचं झालं तर नियम तिथेच संपतो.

जलजीवन मिशनमध्ये आम्हा पाच बायकांना पाणी तपासायचं किट दिलं. नदीतल्या डवऱ्याचं (वाळूत खोदलेल्या खड्ड्याचं) पाणी त्याने तपासावं का? नदी चांगली की वाईट हे कळेल का?
— धारणी तालुका

डवऱ्याचं पाणी पिता, तर ते तपासाच, आणि सगळ्यात आधी जंतूंसाठी. किटमधल्या छोट्या बाटलीत (एच-टू-एस बाटली) खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून ऊबदार जागी ठेवायचं आणि २४ ते ४८ तासांनी बघायचं. काळं झालं तर पाण्यात मैला मिसळतोय असं धरा. इथे चार चुका नेहमी होतात. बाटली आधी धुतली जाते. ती निर्जंतुक असते, धुवायची नसते. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागतं. थंडीत बाटली ओसरीवर ठेवली जाते आणि जंतू वाढतच नाहीत. तिला साधारण ३० ते ३७ अंश ऊब लागते, म्हणून कापडात गुंडाळून चुलीजवळ ठेवा, चुलीवर नव्हे. आणि मुदत संपलेली बाटली वापरली जाते. तपासून झालेली काळी बाटली ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतून मगच खड्ड्यात टाका.

रंग जुळवायच्या चाचण्या (फ्लोराइड, नायट्रेट, लोह) दिवसा, सावलीत करा. ट्यूबलाइटखाली रंग फसवतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, फ्लोराइड १ च्या आत, फार तर दीड. पीएच साडेसहा ते साडेआठ.

नदी जिवंत आहे का, हे मात्र या किटने कळत नाही. विरघळलेला प्राणवायू किंवा कीटकनाशक त्यात मोजता येत नाही. त्यासाठी दगड उलटा. पाणी खळखळत वाहतं तिथे, गुडघ्याएवढ्या पाण्यात, खालच्या बाजूला बारीक जाळी धरून तीन मिनिटं पायाने दगड-गोटे ढवळायचे आणि जाळीत आलेले किडे पांढऱ्या थाळीत काढायचे. शेपटीला तीन केस, पोटाच्या दोन्ही बाजूंना हलणारे पिसासारखे कल्ले, चपटं अंग, दगडाला चिकटून सरकणारा तो मेफ्लायचा बालकिडा. वाळू-काड्यांचं घर अंगावर घेऊन फिरणारी कॅडिसची अळी. हे दोन्ही भरपूर असतील तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. ते नाहीसे होऊन लाल, वळवळणाऱ्या अळ्या आणि गाळात डोकं खुपसून शेपूट हलवणारे लाल धागे वाढले असतील, तर वरून घाण येतेय. शाळेतली मुलं हे दोन तासांत शिकतात आणि मोठ्यांपेक्षा नीट मोजतात. एकाच ठिकाणी वर्षातून दोनदा, नोव्हेंबर आणि मार्चमध्ये करा. पुरानंतर लगेच केलं तर किडे वाहून गेलेले असतात आणि उगाच घबराट होते. मोजून झालं की थाळीतले किडे जिथले तिथे पाण्यात सोडायला मुलांना सांगा.

आमच्या नदीत अचानक मासे मेले. वरच्या बाजूला एक कारखाना आहे. आम्ही बाटलीत पाणी भरून ठेवलंय. पुढे काय?
— पालघर जिल्हा

ती बाटली जपून ठेवा, पण तिच्यावर केस उभी राहील असं समजू नका. जलप्रदूषण कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे न्यायालयात तोच नमुना चालतो जो प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरलेल्या रीतीने, समोरच्याला कळवून, दोन भाग करून, सील लावून घेतलेला असतो. तेव्हा तुमचं पहिलं काम मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला त्याच दिवशी लेखी कळवून नमुना घ्यायला बोलावणं. फोन करा, पण सोबत ईमेल किंवा पोच घेतलेला अर्ज हवाच. तारीख-वेळ त्यावरूनच सिद्ध होते.

ते येईपर्यंत तीन ठिकाणचं पाणी भरा: सांडपाणी मिळतं त्याच्या वरचं, नेमकं मिळतं तिथलं आणि खालचं. फक्त खालचं भरलं तर “हे वरूनच आलं” असं उत्तर मिळतं. बाटलीचं तोंड प्रवाहाकडे, पृष्ठभागाखाली वीतभर, हवेचा बुडबुडा न ठेवता. बर्फात ठेवा आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत द्या. मरायला टेकलेले दोन-चार मासे वेगळ्या पिशवीत, बर्फात. कुजलेला मासा प्रयोगशाळेच्या उपयोगाचा नाही.

त्याआधी एक शंका मनाशी फेडून घ्या. मासे पहाटे वर येऊन तोंड उघडत होते का? उन्हाळ्याच्या शेवटी आटलेल्या डोहात आणि पहिल्या पावसाचं गढूळ पाणी उतरतं तेव्हा प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो आणि मासे असेही मरतात. त्यात मोठे मासे आधी जातात. भर दुपारी, लहान-मोठे, खेकड्यांसकट सगळे एकदम मेले असतील तर विषाचा संशय बळकट होतो. तक्रारीत ही निरीक्षणं वेळेसह लिहा.

मंडळाने काही केलं नाही तर कलम ४९ प्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात जाता येतं. दुसरी वाट राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. नुकसानभरपाईसाठी मुदत पाच वर्षांची आहे. मासळीवर जगणाऱ्या घरांचं नुकसान मागायचं असेल तर रोज किती मासळी मिळत होती याची आधीची नोंद लागते, आणि ती नोंद बहुतेक गावांकडे नसते.

दरवर्षी वनराई बंधारा घालतो, डिसेंबरलाच रिकामा होतो.
— सुरगाणा तालुका

पाणी बहुधा पोत्यांमधून जात नाही, खालून किंवा कडेने जातं. पोती वाळूवर रचली तर वाळूतूनच पाणी निसटतं. बांधाच्या रेषेत वाळू-गोटे उकरून मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत खाली जा. कातळ हाताला लागत नसेल तर ती जागा सोडा. दोन्ही काठांत निदान अर्धा मीटर खाच घेऊन पोती आत घाला.

पोतं पाऊणच भरायचं. ठासून भरलेलं पोतं दगडासारखं ताठ राहतं आणि फटी पडतात. पाऊण भरलेलं बसतं, चेपतं. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात असे चाळीस किलोच्या आसपास वाळू-माती मावते. विटांसारखे सांधे मोड करून रचा आणि मध्ये चिकणमातीची भिंत घ्या. उंची एक मीटर असेल तर तळ पावणेदोन मीटर, माथा पाऊण मीटर. आठ मीटर लांबीला पावणेचारशे ते चारशे पोती धरा. मधला भाग वीतभर खाली ठेवा म्हणजे जादा पाणी तिथून जाईल, नाहीतर ते काठ कापतं. पोत्यांसाठी वाळू बांधाच्या खालच्या अंगाने उकरू नका. तिथे खड्डा झाला की पाया सुटतो.

बांध पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरमध्ये, धार चालू असतानाच घालावा. तो नाल्यावर घाला, मुख्य नदीवर नको, आणि खालच्या पाड्याची धार तुटू देऊ नका. जूनच्या आत पोती काढून घ्या. उन्हाने ती विरतात, पुरात फाटतात आणि प्लॅस्टिकचे धागे तुम्ही राखलेल्या डोहात जाऊन बसतात.

वाळूघाटाच्या लिलावासाठी ग्रामपंचायतीने होकार दिला. आमच्या टोल्याला विचारलंच नाही.
— एटापल्ली तालुका

पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार) कायदा १९९६ प्रमाणे अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा किंवा लिलाव देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस लागते, आणि वाळू गौण खनिजच आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम ४ मार्च २०१४ चे. टोल्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करून घेता येतं, मग त्याची ग्रामसभाही स्वतंत्र. ते आधी करा. ‘आम्हाला विचारलं नाही’ एवढ्यावर थांबू नका, कारणांसह “शिफारस करत नाही” असा ठराव घेऊन तहसीलदार आणि जिल्हाधिकारी यांच्याकडून पोच घ्या.

कारणांत आकडा घाला. भरड वाळू आपल्या घनफळाच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे दर ब्रासमागे साडेपाचशे लिटरच्या वर पाण्याची जागा जाते. ७०० ब्रास उपसले तर जवळपास चार लाख लिटर. पात्रात डवरे खोदून पाणी भरणाऱ्या टोल्याला याचा अर्थ एप्रिलमध्येच कळतो.

न्यूझीलंडमध्ये नदीला माणसासारखा कायदेशीर दर्जा मिळाला असं वाचलं. आपल्याकडे का नाही?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक

व्हांगानुई नदीला तो दर्जा २०१७ च्या कायद्याने मिळाला. त्यामागे माओरी लोकांचा शंभराहून अधिक वर्षांचा दावा होता. “मी म्हणजे नदी, नदी म्हणजे मी” ही त्यांची जुनी म्हण. कायद्याने नदीच्या वतीने बोलायला दोन माणसं नेमली, एक सरकारने आणि एक नदीकाठच्या माओरींनी निवडलेलं, आणि तीन कोटी न्यूझीलंड डॉलरचा निधी दिला. माणसं आणि पैसा दोन्ही ठरवल्यामुळे तो दर्जा चालतो.

आपल्याकडे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २० मार्च २०१७ ला गंगा-यमुनेला असाच दर्जा दिला, पालक म्हणून सरकारी अधिकारी नेमले, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अधिकारीच पालक असतील तर नदीकाठच्या माणसाच्या हातात काय राहतं? आमच्या मते आदिवासी भागासाठी ग्रामसभेची वाट जास्त भक्कम आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइट खाणीबाबत १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांकडे सोपवला आणि त्या वर्षी बारापैकी बाराही ग्रामसभांनी नकार दिला. वंशधारा नदीचा उगम त्याच डोंगरात आहे.

नदीची वही ठेवा असं सगळे सांगतात. तिच्यात लिहायचं काय?
— चिखलदरा तालुका

थोडं लिहा, पण दर महिन्याला लिहा. ठरलेल्या दिवशी, पौर्णिमा सोयीची, तीन गोष्टी: राखीव डोहातली पाण्याची पातळी, धारेचं पाणी, आणि त्या महिन्यात मिळालेली मासळी (कोणते मासे, साधारण किती किलो, किती घरांना). पातळीसाठी कातळावर ऑइलपेंटने दर दहा सेंटिमीटरला रेघ मारा.

धार मोजायला दोरी, घड्याळ आणि अर्धवट भरलेली छोटी बाटली पुरते. सरळ, अडथळा नसलेला दहा मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा. बाटली मध्यावर सोडा आणि दहा मीटर जायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा. समजा रुंदी ४ मीटर, सरासरी खोली ०.३ मीटर, वेळ २० सेकंद. क्षेत्र १.२ चौरस मीटर, वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात पळतं, म्हणून आलेल्या उत्तराला ०.८ ने गुणा: ०.४८ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ४८० लिटर. रिकामी बाटली वापरू नका, वारा तिला ढकलतो आणि आकडा फुगतो.

प्रत्येक नोंदीखाली मोजणाऱ्या दोघांची सही किंवा अंगठा घ्या, त्यात एक बाई असू द्या. वर्षातून एकदा ती पानं ग्रामसभेत वाचून दाखवा आणि “वाचून कायम केली” असा ठराव करा, म्हणजे वही ग्रामसभेचं दप्तर होते. तिची एक छायाप्रत जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या, म्हणजे लोकजैवविविधता नोंदवहीतही ती लागेल. मूळ वही गावाबाहेर कुणालाही, अभ्यासालासुद्धा, देऊ नका.